झणझणीत आणि चवदार : पुण्यातील उपाहारगृहांमधील तिखटाचा विचार

पुण्यात उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये नागपूर, जळगाव, लातूर, कोल्हापूर, सिंधुदुर्ग अशा परस्परांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांतील मुलांचा भरणा मोठा असतो. 1949 साली पुणे विद्यापीठाची स्थापना झाल्यापासून हा ओघ वाढतच गेला आहे. या मंडळींची जेवणासंबंधी दोन प्रकारची तक्रार नेहमी ऐकू येते. मेसमधील आमटीत गूळ फार, ही पहिली. आणि उपाहारगृहात मुद्दाम तिखट पदार्थ मागवावा तर तोंड पोळते, परंतु चव म्हणून काही लागत नाही, ही दुसरी. पहिली तक्रार सवयीची आहे व ती काळाने निवळते. दुसरी मात्र विचार करण्यासारखी आहे. अतिशय तिखट असूनही चवदार असलेला पदार्थ आणि केवळ तिखट असलेला पदार्थ यांत नेमका भेद कोणता, तो भेद कशातून उत्पन्न होतो आणि पुण्यासारख्या शहरात तो ओळखावयाचा कसा, या तीन प्रश्नांचा येथे क्रमाने परामर्श घ्यावयाचा आहे.

शब्द आणि संवेदना

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांत 'कटु' हा रस सुंठ, मिरे, पिंपळी यांचा, म्हणजे आपल्या बोलीतील तिखटाचा. आणि 'तिक्त' हा कडुलिंब, कारले यांचा. मराठीत 'कटु' या शब्दापासून 'कडू' हा शब्द सिद्ध झाला. पण त्याचा अर्थ मात्र तिक्त रसाकडे सरकला. तिखटासाठी मराठीने 'तीक्ष्ण' या शब्दाच्या प्राकृत 'तिक्ख' या रूपाचा आधार घेतला. म्हणजे मराठी भाषकाने या अनुभवाला जे नाव दिले, ते जिभेच्या रुचीचे नसून धारेचे, टोचण्याचे आहे. 'झणझणीत', 'जळजळीत', 'जाळ काढला' हे शब्दप्रयोगही त्याच जातीचे आहेत. त्यांत वेदना आणि उष्णता यांचे वर्णन आहे.

आधुनिक शरीरशास्त्राने हेच निराळ्या मार्गाने सिद्ध केले. गोड, आंबट, खारट, कडू या रुची जिभेवरील रुचिकलिकांच्या द्वारे कळतात. मिरचीतील दाहक द्रव्याचा, म्हणजे कॅप्सेसिनचा, या कलिकांशी संबंध नाही. वेदना व उष्णता यांची वार्ता मेंदूकडे पोहोचविणाऱ्या मज्जातंतूंवर त्याची क्रिया होते. 1997 साली अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस आणि त्यांचे सहकारी यांनी या मज्जातंतूंवरील ग्राही प्रथिन शोधून काढले. सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली असता जे ग्राही जागृत होते, तेच कॅप्सेसिननेही जागृत होते. या संशोधनाबद्दल ज्युलियस यांना 2021 सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पाटापूटियन यांच्यासमवेत देण्यात आले. वाफाळलेला रस्सा कोमट रश्श्यापेक्षा अधिक तिखट का लागतो, याचाही उलगडा यावरून होतो. एकाच दारावर दोघे एकदम थाप मारतात.

यावरून पहिला निष्कर्ष असा निघतो की, तिखटपणा आणि चव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. कॅप्सेसिनला स्वतःचा म्हणावा असा वास नाही. पदार्थाची चव ज्याला आपण म्हणतो, तिचा फार मोठा भाग नाकाने कळणाऱ्या सुगंधाचा असतो. म्हणून भांडेभर लाल तिखट घातल्याने तिखटपणा वाढेल. चव वाढेलच असे नाही. चवीची तरतूद स्वयंपाक्याला वेगळी करावी लागते.

मिरची आणि तिच्या जाती

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे. त्या काळच्या स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी आणि आले यांचा उपयोग होई. मिरची असणे शक्यच नव्हते. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. ती पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. तिचे मराठी नावही 'मरीच' या मिऱ्याच्या संस्कृत नावाशी नाते सांगणारे आहे. महाराष्ट्राचे म्हणून जे तिखट जेवण प्रसिद्ध आहे, त्याचे आजचे रूप अशा प्रकारे गेल्या चार-पाच शतकांतील आहे.

मिरची म्हणून सरसकट एकच वस्तू गृहीत धरणे चुकीचे ठरते. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी मिरची सुरकुतलेली, गडद लाल आणि सुवासिक असते. पण तिचा तिखटपणा बेताचाच. आंध्रातील गुंटूरची मिरची तिखटपणात तिच्या कितीतरी पुढे जाते. संकेश्वरी मिरची पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण यांच्या मसाल्यांत मानाचे स्थान राखून आहे. लवंगी मिरची आकाराने लहान आणि तिखटपणात जहाल. म्हणून तर ती मराठीत स्वभाववर्णनासाठीही वापरली जाते. जाणती गृहिणी वर्षाचा मसाला करताना रंगासाठी एक, तिखटासाठी दुसरी आणि स्वादासाठी तिसरी मिरची घेते, यात वनस्पतिशास्त्राचे मर्म आहे.

तिखटपणा मोजण्याची पहिली पद्धतशीर रीत 1912 साली विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने बसविली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात उत्तरोत्तर पातळ करीत न्यावयाचा आणि चाखणाऱ्यांना दाह जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजावयाचे, अशी ती रीत होती. पुढे रासायनिक उपकरणांनी कॅप्सेसिनचे प्रमाण थेट मोजता येऊ लागले. परंतु एकक स्कोव्हिल यांच्या नावाचेच राहिले. या मापाने शुद्ध कॅप्सेसिनचा आकडा सुमारे 1 कोटी 60 लाख भरतो. ब्याडगीचा आकडा सामान्यतः 8 ते 15 हजारांच्या आसपास, तर गुंटूरच्या सन्नम मिरचीचा 35 ते 40 हजारांच्या आसपास सांगितला जातो.

येथे एका भ्रमाचे निराकरण केले पाहिजे. रश्श्याचा लालभडक रंग म्हणजे तिखटपणा, अशी समजूत सर्वत्र आढळते. रंग हा मिरचीच्या सालीतील रंगद्रव्यांचा. दाह हा आतील ज्या पांढऱ्या भागाला बिया चिकटलेल्या असतात त्या भागातील कॅप्सेसिनचा. दोहोंचे प्रमाण परस्परांवर अवलंबून नाही. रंगाच्या या मोहामुळेच भेसळीला वाव मिळतो. 2003 साली भारतातून गेलेल्या मिरचीपुडीत 'सुदान' नावाचा कृत्रिम रंग आढळल्यामुळे युरोपीय संघाला आयातीवर कडक तपासणीची अट घालावी लागली होती. तांबडेपणावरून पदार्थाची परीक्षा करू नये, हा धडा खवय्यानेही त्यातून घ्यावयाचा आहे.

चव येते कोठून

कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात व चरबीत सहज विरघळते. मिरचीचा रंग आणि मसाल्यांतील बहुतेक सुगंधी द्रव्ये यांचाही धर्म हाच आहे. रश्श्यावर तरंगणारा तेलाचा थर, ज्याला कोणी 'तर्री' तर कोणी 'कट' म्हणतात, तो म्हणूनच पदार्थाचे सार होय. मसाला मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतला असेल, तर ही द्रव्ये तेलात उतरतात आणि जिभेवर व नाकात दीर्घकाळ रेंगाळतात. रस्सा उकळत असताना वरून कोरडी मिरचीपूड भुरभुरली, तर ती पाण्यात तरंगत राहते. दाह होतो, घशात कण खरखरतात आणि कच्चा वास येतो. दोन्ही रश्शांत मिरचीचे वजन समान असले तरी अनुभव भिन्न येतो.

दुसरे कारण भाजण्याचे. कांदा, सुके खोबरे, तीळ, धणे, लसूण हे पदार्थ भाजले असता त्यांतील शर्करा व प्रथिने यांच्या संयोगाने नवी सुगंधी द्रव्ये तयार होतात. मराठीतील 'खमंग' हा शब्द याच सुगंधाचे वर्णन करतो. भाजणे अपुरे राहिले तर खमंगपणा येत नाही. थोडे अधिक झाले तर कडवटपणा येतो. तिखट पदार्थातील खरे कौशल्य येथे आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

तिसरे कारण दाहांच्या वैविध्याचे. मिरचीचा दाह जिभेवर पसरतो आणि लवकर जात नाही. मिऱ्याचा तुलनेने लवकर ओसरतो. मोहरीचा नाकात चढतो. कच्च्या लसणाचा उग्र असतो. पण शिजल्यावर नाहीसा होतो. आले वाळून त्याची सुंठ झाली की तिखटपणा वाढतो. कोकणात माशांच्या कालवणात घातले जाणारे त्रिफळ जिभेला एक प्रकारची मुंग्या आल्यासारखी बधिरता आणते. कुशल स्वयंपाकी हे सर्व दाह एकामागून एक येतील अशी योजना करतो. केवळ मिरचीवर विसंबलेल्या पदार्थात एकच सूर मोठ्याने लागलेला असतो.

महाराष्ट्रातील चार तिखटे

पुण्यात जे तिखट पदार्थ मिळतात ते बहुतांशी पुण्याबाहेरून आले आहेत. पुण्याच्या पेठांतील जुन्या घरांतील गोडा मसाला धणे, तीळ, खोबरे, दगडफूल, नागकेशर यांचा. त्याला गूळ व चिंच यांची जोड. त्यात सुगंध प्रधान आणि तिखट गौण. याउलट कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील कांदा-लसूण मसाल्यात मिरचीलाच प्रमुख स्थान आहे. तथापि भाजलेले कांदा, लसूण, खोबरे व तीळ तिच्याभोवती भरभक्कम पाया घालतात. खानदेशातील काळा मसाला खोबरे आणि गरम मसाले काळसर होईपर्यंत भाजून केला जातो. शेवभाजीचा गडद रस्सा हे त्याचे परिचित उदाहरण. नागपूरचे सावजी जेवण हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून बाहेर आले. त्यातील तिखटपणा प्रसिद्ध आहेच. पण दगडफूल, खसखस, मिरे, लवंग यांचा दाट सुगंध हे त्याचे खरे लक्षण होय. किनाऱ्यावरील मालवणी मसाल्यात मिरचीबरोबर अनेक गरम मसाले येतात आणि ओले खोबरे व कोकम दाहाला आवर घालतात.

या परंपरांकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. यांपैकी कोणत्याही परंपरेत तिखट एकटे नाही. प्रत्येकीने दाहाबरोबर त्याचा तोलही निर्माण केला आहे: कोल्हापुरात तांबड्या रश्श्याशेजारी पांढरा रस्सा येतो, कोकणात सोलकढी येते, खानदेशात व विदर्भात भाकरी आणि कच्चा कांदा येतो.

पुण्यातील मिसळ : एक तौलनिक उदाहरण

पुण्यात या विषयाचा अभ्यास करावयाचा असेल तर मिसळीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. पदार्थ एकच; मोड आलेली कडधान्ये, फरसाण किंवा शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि रस्सा ही सामग्रीही जवळजवळ एकच; त्यामुळे रश्श्यातील फरक निखळपणे जाणवतो. नारायण पेठेतील बेडेकरांच्या मिसळीचा रस्सा किंचित गोडसर, जुन्या पुणेरी वळणाचा. फडके हौदाजवळील वैद्य उपाहारगृहाची ख्याती हिरव्या रश्श्याबद्दल आहे. त्यात तिखटपणा हिरवी मिरची आणि आले यांचा, आणि सुगंध ताज्या कोथिंबिरीचा. टिळक रस्त्यावरील रामनाथची मिसळ तिखट म्हणून पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. कर्वे रस्त्याच्या परिसरातील काटाकिर्र या कोल्हापुरी वळणाच्या मिसळीच्या दुकानात तिखटाची पायरी गिऱ्हाइकाने आधी सांगावयाची असते.

हिरवा आणि लाल यांची तुलना विशेष उद्बोधक आहे. हिरव्या मिरचीत ताजा, काहीसा गवतासारखा वास असतो व तो जास्त उकळल्याने उडून जातो. वाळलेल्या लाल मिरचीचा वास भाजल्यानंतर खुलतो. म्हणून हिरवा रस्सा ताजेपणावर जगतो आणि लाल रस्सा मुरण्यावर. एकाच सकाळी दोन्ही चाखून पाहिल्यास 'तिखट' या एका शब्दाखाली किती भिन्न अनुभव येतात, हे कोणत्याही विवेचनापेक्षा लवकर कळेल.

मिसळीच्या संदर्भात पुण्यातील 'सँपल' हा शब्दही ध्यानात घेण्याजोगा आहे. वरून घ्यावयाच्या जादा रश्श्याला हे नाव आहे. वाटीभर सँपल वेगळे मागता येते, आणि रश्श्याची परीक्षा करावयाची तर ती त्याच वाटीत करावी. कारण फरसाणाचा कुरकुरीतपणा व मीठ पुष्कळ दोष झाकतात.

'कोल्हापुरी' या शब्दाची झीज

खानावळ आणि मोठे उपाहारगृह यांच्या स्वयंपाकघरांतील फरक येथे लक्षात घ्यावा लागतो. खानावळीत पदार्थ मोजके असतात. मटणाचा रस्सा एकाच पातेल्यात हाडांसकट दीर्घकाळ शिजतो. हाडांतील अर्क आणि चरबी मसाल्यात मिसळते. ज्या उपाहारगृहाच्या पत्रकावर शंभर-दीडशे पदार्थ छापलेले असतात, तेथे असे करणे शक्य नसते. तेथे कांदा-टोमॅटोचा एक तयार रस्सा सकाळीच करून ठेवतात व मागणीप्रमाणे त्यात साय, काजूची वाटण किंवा मिरचीपूड घालून निरनिराळ्या नावांनी वाढतात. 'व्हेज कोल्हापुरी' हा पदार्थ पुष्कळदा याच प्रकारे सिद्ध होतो. त्यात कांदा-लसूण मसाला असतोच असे नाही; वर तळलेली एक लाल मिरची ठेवली की नामकरण पुरे होते.

यात फसवणुकीचा हेतू असतोच असे मानण्याचे कारण नाही. गिऱ्हाईक 'तिखट' एवढेच मागते, आणि तेवढेच त्याला मिळते. परंतु याचा परिणाम गंभीर आहे. एका प्रदेशाचे नाव केवळ दाहाच्या मात्रेचे नाव बनते. मसाला भाजण्या-कुटण्याचे जे ज्ञान त्या नावामागे उभे होते, त्याला बाजारात किंमत उरत नाही. कारण मिरचीपूड स्वस्त आहे, आणि भाजण्यास लागणारा वेळ महाग. सर्वांत तिखट थाळी संपविणाऱ्यास बक्षीस, अशा प्रकारच्या पैजा या प्रवृत्तीला खतपाणीच घालतात. तिखटाची आवड आणि तिखटाची बढाई या दोहोंत अंतर आहे. ते मिटले म्हणजे चवीचा विचार मागे पडतो.

तिखटाची आवड जन्मजात नसते, हेही येथे नमूद करावयास हवे. पॉल रोझिन आणि डेबोरा शिलर यांनी मेक्सिकोतील एका डोंगराळ खेड्यात केलेला अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. घरातील वडीलधाऱ्यांच्या पंगतीत बसून, कोणतीही सक्ती नसताना, मुले हळूहळू मिरचीची आवड लावून घेतात, असे त्यांना आढळले. उलट त्याच गावात मिरचीयुक्त उष्टे खाणाऱ्या जनावरांत मात्र ती आवड निर्माण झालेली दिसली नाही. म्हणजे तिखट आवडणे हे एका घराच्या, एका गावाच्या सहवासाचे फळ आहे. परगावी आलेला विद्यार्थी 'आमच्याकडचे तिखट' शोधतो, तेव्हा तो दाह शोधत नसतो. त्या दाहाबरोबर येणारा विशिष्ट मसाला शोधत असतो.

परीक्षेची रीत

या विवेचनावरून काही व्यावहारिक नियम काढता येतात. पहिला, पदार्थ समोर आल्यावर रंग पाहण्याआधी वास घ्यावा. भाजलेल्या खोबऱ्याचा, लसणाचा, दगडफुलाचा वास ओळखू आला तर मसाला खरा आहे. नुसता ठसका लागला तर पूड वरून पडली आहे. दुसरा, पहिला घोट नुसत्या रश्श्याचा घ्यावा. वारंवार दाह झाल्यानंतर जिभेची संवेदनशीलता बदलते. म्हणून दहाव्या घासाला दिलेला निर्णय विश्वसनीय नसतो. तिसरा, दाह ओसरू द्यावा आणि मागे काय उरते ते पाहावे. चांगल्या रश्श्याची चव दाह गेल्यावरही राहते. वाईट रश्श्याचे केवळ तेल राहते. त्या तेलाला खवट वास येत असेल तर तो पदार्थ दूर सारावा, मग तो कितीही प्रसिद्ध ठिकाणचा असो.

चौथा नियम मागणीचा. 'खूप तिखट द्या' असे सांगण्याऐवजी 'मसाला कोणता आहे' असे विचारावे. मसाला घरी होत असेल तर उत्तर तत्काळ आणि अभिमानाने मिळते. तिखट वाढवावयाचेच असेल तर मिरचीपूड मागण्यापेक्षा ठेचा किंवा खर्डा मागावा. त्यात मिरची लसणाबरोबर भाजलेली असते व मात्रा आपल्या हाती राहते. पाचवा नियम वेळेचा. मिसळ हा सकाळचा पदार्थ आहे. पुन्हा पुन्हा पाणी घालून वाढविलेल्या उशिराच्या रश्श्यावरून दुकानाची पारख करणे अन्यायाचे होईल.

शेवटी आवरण्याविषयी. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नसल्यामुळे पाणी पिऊन दाह शमत नाही. घोटाबरोबर तो तोंडभर पसरतो मात्र. दूध, दही, ताक यांतील प्रथिने व स्निग्धांश त्याला धुऊन नेतात. साखरेनेही उतार पडतो. ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे त्यांनी तर्री बाजूला काढून खालचा रस्सा घ्यावा. तिखट पुष्कळ कमी होईल. मात्र सुगंधाचाही काही भाग त्याबरोबर जाईल, कारण दोहोंचे वसतिस्थान तेलच आहे.

सारांश, पुण्यात झणझणीत पदार्थांचा तुटवडा नाही. तुटवडा असेल तर तो भेद करून मागणाऱ्या गिऱ्हाइकांचा आहे. सावजी आणि कोल्हापुरी, काळा मसाला आणि कांदा-लसूण मसाला, हिरवा रस्सा आणि लाल रस्सा यांतील अंतर ज्याला सांगता येते, त्याला हवा तो पदार्थ या शहरात थोड्या शोधाने सापडतो. आणि असे गिऱ्हाईक रोज दुकानात येऊ लागले, तर मसाला भाजणाऱ्या हातालाही आपले काम टाकून देण्याचे कारण उरत नाही.